पिल्लू कुठे वाढवायचं? खोल समुद्रातली स्केट आणि टास्मानियाचा डेव्हिल

2015 च्या मध्यात नॉटिलस हे संशोधन जहाज गॅलापागोस द्वीपसमूहातल्या डार्विन बेटाच्या उत्तरेला, साधारण 45 किलोमीटरवर काम करत होतं. जहाजावरून केबलने सोडलेलं हर्क्युलिस नावाचं यंत्र सुमारे 1660 मीटर खाली समुद्रतळावर फिरत होतं आणि त्याचे कॅमेरे वर चित्रं पाठवत होते. त्या भागात तळाला भेगा आहेत. त्यांतून खनिजांनी भरलेलं काळं, कढत पाणी उसळतं आणि वर्षानुवर्षं साचलेल्या खनिजांची उंच धुराडी तयार होतात. या धुराड्यांच्या आसपास, खडकांच्या खाचांत, यंत्राला चौकोनी पाकिटं पडलेली दिसली. प्रत्येकाच्या चारही कोपऱ्यांना शिंगांसारखी टोकं. मोजली तेव्हा 157 भरली. ती सगळी अंडी होती.

अंडी पॅसिफिक व्हाइट स्केट या माशाची. शास्त्रीय नाव बाथिराजा स्पिनोसिसिमा. त्यातली चार वर आणून डीएनए तपासल्यावर ओळख पक्की झाली. पेलायो सालिनास दे लिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये हा शोध ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध केला. समुद्रातला एखादा प्राणी ज्वालामुखीच्या उष्णतेवर अंडी उबवतो, याची ही पहिलीच नोंद होती.

आता दुसरा प्राणी. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया बेट आहे. तिथे मांजरापेक्षा थोराड, काळ्या केसांचा, जबरदस्त जबड्याचा एक निशाचर मांसाहारी प्राणी राहतो: टास्मानियन डेव्हिल. तो कांगारूच्या मोठ्या कुळातला, म्हणजे पिल्लू पोटावरच्या पिशवीत वाढवणाऱ्या प्राण्यांपैकी. आज पृथ्वीवर असलेला हा सगळ्यात मोठा पिशवीवाला मांसाहारी. 2008 पासून त्याचं नाव जगाच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे.

हे दोघे शेजारी मांडायचं कारण काय? एक मासा, एक सस्तन प्राणी. दोघांचे सामायिक पूर्वज शोधायचे तर 40 कोटींहून अधिक वर्षं मागे जावं लागतं. पण दोघांपुढे एकच अडचण आहे. पिल्लू पूर्ण तयार होईपर्यंत आईच्या पोटात ठेवायचं नाही, मग ते वाढवायचं कुठे? स्केटने एक उत्तर काढलं, डेव्हिलने बरोबर उलटं. कोणाला कसला धोका आहे आणि कोणाला कसं वाचवता येईल, हेही त्या उत्तरांवरूनच ठरतं. माझ्या मते ही तुलना करण्यासारखी आहे ती यासाठी.

स्केट: एकदाच बांधून दिलेली शिदोरी

कोकण किनाऱ्यावर ज्यांनी पाकट मासा पाहिलाय, त्यांना स्केटचा आकार वेगळा सांगायला नको. तसंच चपटं अंग, पंखांसारखे पसरलेले पर, मागे शेपटी. दोघेही मुशीच्या (शार्कच्या) नात्यातले, म्हणजे हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेले. एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. पाकट पिल्लांना जन्म देतो, स्केट अंडी घालते.

हे अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं ठिसूळ नसतं. मादीच्या शरीरातली एक ग्रंथी कोलॅजनसारख्या चिवट प्रथिनाचे थर विणून पाकीट तयार करते. त्यात एक फलित अंडं आणि भरपूर बलक जातो. पाकीट बंद होतं आणि मादी ते तळावर ठेवून निघून जाते. पुढचा सगळा प्रवास पिल्लाने त्या बलकावर करायचा. आई परत येणार नाही, राखण करणार नाही, भरवणार नाही. घरातून निघताना शिदोरी बांधून दिली, ती मुक्कामापर्यंत पुरली पाहिजे.

आतलं पिल्लू सुरुवातीला पूर्ण बंद असतं. वाढीच्या एका टप्प्यावर पाकिटाच्या शिंगांमधल्या फटी उघडतात. मग पिल्लू आपली बारीक शेपटी एका शिंगात घालून हलवत राहतं. त्यामुळे ताजं पाणी आत येतं, शिळं बाहेर जातं, ऑक्सिजन मिळतो.

अडचण आहे ती थंडीची. शरीर घडणं म्हणजे शेवटी रासायनिक क्रियांची लांबलचक साखळी, आणि गारठ्यात त्या क्रिया मंदावतात. बेरिंग समुद्रातल्या अलास्का स्केटचा अभ्यास झाला आहे. तिथे तळाचं पाणी चारएक अंश सेल्सिअस असतं आणि अंड्यातून पिल्लू बाहेर यायला साधारण साडेतीन वर्षं लागतात. गॅलापागोसच्या त्या जागी आजूबाजूचं पाणी सरासरी 2.76 अंश, म्हणजे आणखी गार. तिथे हा काळ चार वर्षांहूनही जास्त असावा असा अंदाज आहे. तेवढी वर्षं एक पाकीट हालचाल न करता पडून राहतं. समुद्रातल्या काही गोगलगायी अशा पाकिटांना भोक पाडून आतला बलक शोषतात. जितका काळ जास्त, तितका धोका जास्त.

इथे ती धुराडी कामाला येतात. 157 पैकी 58 टक्के अंडी धुराड्यांपासून 20 मीटरच्या आत होती. 89 टक्के अंडी आजूबाजूच्या सरासरीपेक्षा गरम पाण्यात होती. गरम म्हटल्यावर अंडी शिजत कशी नाहीत, असं कोणालाही वाटेल. अशा धुराड्यांच्या तोंडाशी पाणी 300 अंशांच्याही वर असू शकतं हे खरं, पण ते बाहेर पडताच अफाट गार समुद्रात मिसळतं आणि थोड्याच अंतरावर फरक किंचित उरतो. अंड्यांना मिळते ती एवढीशी ऊब. पण दिवसरात्र, वर्षानुवर्षं मिळणारी एवढीशी ऊबसुद्धा पिल्लाचा मुक्काम बराच जवळ आणू शकते.

‘आणू शकते’ असं जपून म्हणतोय, कारण एका पाकिटाशेजारी चार वर्षं बसून कोणी मोजलेलं नाही. पण याच्याशी जुळणारा भक्कम पुरावा दुसरीकडे मिळाला. कॅलिफोर्नियाजवळच्या डेव्हिडसन सागरी पर्वताच्या पायथ्याशी, सुमारे 3200 मीटर खोल, ऑक्टोपसच्या हजारो माद्या कोमट पाण्याच्या झऱ्यांवर अंडी घेऊन बसलेल्या 2018 मध्ये सापडल्या. तिथलं एरवीचं पाणी 1.6 अंश. तेवढ्या गारठ्यात अंडी उबायला पाच वर्षं किंवा जास्त लागायला हवीत. झऱ्यांवर ती दोन वर्षांच्या आत उबतात, असं 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. जमिनीवरही याला जोड आहे. टोंगा बेटांवरचा एक रानकोंबडीसारखा पक्षी ज्वालामुखीने तापलेल्या मातीत अंडी पुरतो. अर्जेंटिनातल्या सानागास्ता इथे तर डायनासोरांची घरटी प्राचीन गरम झऱ्यांच्या जागेवर सापडली आहेत.

म्हणजे स्केटची आई पिल्लासाठी दोनच गोष्टी करते. शिदोरी नीट बांधते आणि जागा नीट निवडते. पण त्या दोन्हींतली एक जरी चुकली तरी नंतर दुरुस्तीला वाव नाही.

याच जोडीने स्केट किती खोल जाऊ शकते हेही सांगायला हवं, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. मुशी, पाकट, स्केट यांच्या अंगात युरिया भरपूर असतो. समुद्राच्या खारटपणाने शरीरातलं पाणी ओढून जाऊ नये म्हणून त्यांनी केलेली ही सोय. शिळ्या मुशीला जो झोंबरा, अमोनियाचा वास येतो तो या युरियाचाच. कोळणीकडून मुशी घेताना आधी वास बघतात तो उगीच नाही. युरिया प्रथिनांना मात्र त्रास देतो आणि खोलातला दाबही देतो. 1660 मीटरवर तो दाब हवेच्या दाबाच्या दीडशे पटींहून जास्त असतो. त्यावर उतारा म्हणून या माशांच्या अंगात टीएमएओ नावाचं दुसरं रसायन असतं. जितकं खोल जावं तितकं ते वाढवावं लागतं आणि त्यासाठी युरिया कमी करावा लागतो. हा ताळमेळ सुमारे 3000 मीटरपर्यंतच जमत असावा, असं एक स्पष्टीकरण आहे. खोलात अन्न कमी पडतं, असं दुसरं. कारण कुठलंही असो, 3000 मीटरच्या खाली हे मासे क्वचितच दिसतात. पॅसिफिक व्हाइट स्केट या मर्यादेच्या अगदी जवळ राहणाऱ्यांपैकी एक.

डेव्हिल: रोज वाढलेलं ताट

डेव्हिलचा माद्यांशी संग साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होतो. गर्भारपण टिकतं तीन आठवडे. फक्त तीन आठवडे.

इथे एक गंमतीची गोष्ट आहे. पिशवीवाल्या प्राण्यांचा गर्भ आईच्या पोटात असतानाही गर्भारपणाचा बराच काळ एका पातळ कवचात असतो. अंडी घालणाऱ्या पूर्वजांची ती खूण. कवच विरघळल्यावर आईच्या रक्ताशी गर्भाचा थेट व्यवहार सुरू होतो, पण तो थोडेच दिवस चालतो. आपल्यासारख्या प्राण्यांत वार महिनोन्‌महिने काम करते, इथे जेमतेम कामाला लागते तोच प्रसूतीची वेळ येते.

जन्मणारं पिल्लू 0.2 ग्रॅमच्या आसपास असतं. आई सहाएक किलोची. डोळे नाहीत, कान नाहीत, केस नाहीत, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. तयार असतं ते तोंड आणि पुढचे दोन पाय, इवल्या नख्यांसकट. आईच्या जननमार्गापासून पिशवीपर्यंतचं काही सेंटीमीटर अंतर हा जीव स्वतः सरपटत कापतो. एका वेळी 20 ते 30, कधी त्याहूनही जास्त पिल्लं जन्मतात. पिशवीत स्तनाग्रं मात्र चारच. पहिल्या चारांनी ती तोंडात धरली की खेळ संपला, उरलेली मरतात. वाचायला हे क्रूर वाटतं, आणि मलाही वाटतं. पण आईच्या बाजूने पाहिलं तर या पिल्लांवर तिने अजून जवळजवळ काहीच खर्च केलेलं नाही.

खर्च सुरू होतो तो यानंतर. स्तनाग्र पिल्लाच्या तोंडात फुगतं आणि पिल्लू तिथेच अडकून राहतं, शंभरेक दिवस. पिशवीचं तोंड मागच्या बाजूला असतं, त्यामुळे आई बीळ उकरताना माती आत जात नाही. या काळात 0.2 ग्रॅमचा जीव सुमारे 200 ग्रॅमचा होतो. म्हणजे हजारपट, आणि तेही फक्त दुधावर. दूधही एकसारखं राहत नाही. पिल्लू वाढेल तसं त्यातलं साखर, चरबी, प्रथिनांचं प्रमाण बदलत जातं. जन्मलेल्या पिल्लाला स्वतःची रोगप्रतिकारशक्ती नसते आणि पिशवीत जंतूंना तोटा नसतो. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की डेव्हिलमध्ये जंतू मारणारी कॅथेलिसिडिन गटातली सहा प्रथिनं असतात, आणि ती दुधात व पिशवीच्या अस्तरातही सापडतात. त्यातली दोन तर आपल्या इस्पितळांत डोकेदुखी ठरलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंवरही चालली.

पिशवीतून बाहेर आल्यावरही पिल्लं काही महिने बिळात राहतात, आईच्या पाठीवर बसून फिरतात, दूध पितात. स्केटने जे सगळं आधीच बांधून दिलं, ते डेव्हिलची आई रोज थोडं थोडं वाढते.

दोन्ही पद्धतींपैकी श्रेष्ठ कोणती, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. पूर्वी पाठ्यपुस्तकांत पिशवीवाल्या प्राण्यांना अर्धवट, मागासलेले ठरवायची पद्धत होती. ते चूक आहे. ज्या प्रदेशात पाऊसपाण्याचा भरवसा नाही तिथे गर्भारपण स्वस्त आणि दूधपाजणं महाग ठेवण्यात शहाणपण आहे. दुष्काळ पडला तर आई दूध थांबवते, पिल्लू जातं, पण आई जगते आणि पुढच्या हंगामात पुन्हा वितेल. स्केटला असा मधला थांबा नाही. बलक एकदा पाकिटात गेला की परत घेता येत नाही. त्याचा फायदा वेगळा: पाकीट ठेवल्यावर आई मोकळी असते, तिच्या जगण्या-मरण्यावर पिल्लाचं नशीब टांगलेलं नसतं. डेव्हिलची आई पिशवीतल्या पिल्लांसकट मेली तर सगळं एकदम जातं.

आजार आला तेव्हा

1996 मध्ये टास्मानियाच्या ईशान्य भागात तोंडावर मोठमोठ्या गाठी असलेले डेव्हिल दिसले. तपासात जे निघालं ते विलक्षण होतं. हा कर्करोग होता, आणि तो संसर्गजन्य होता. कुठला विषाणू पसरत नव्हता, कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका जनावरातून दुसऱ्यात जात होत्या. डेव्हिल मेलेल्या जनावरावर भांडताना आणि संगाच्या काळात एकमेकांच्या तोंडाला चावतात. चाव्यातून पेशी जातात आणि रुजतात. कधीकाळी एकाच मादीच्या मज्जातंतूंभोवतीच्या पेशींत सुरू झालेली ती गाठ, मूळ मादी मेल्यावरही, हजारो जनावरांच्या अंगात जगत राहिली आहे.

परक्या पेशी शरीर ओळखत कसं नाही? आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर ओळखपत्रासारखी काही प्रथिनं असतात. ती वेगळी दिसली की रोगप्रतिकारशक्ती हल्ला चढवते. या गाठीच्या पेशी ती प्रथिनं पृष्ठभागावर आणतच नाहीत. शिवाय बेटावरच्या डेव्हिलांत आनुवंशिक विविधताही कमी. 2014 मध्ये तर आग्नेय भागात दुसरा, स्वतंत्रपणे सुरू झालेला असाच कर्करोग सापडला, या वेळी मूळ एका नराचं. एका अंदाजानुसार 1996 च्या सुमारास असलेली 53,000 ची संख्या 2020 पर्यंत 17,000 च्या आसपास आली.

पण या आकड्यांच्या मागे अजून एक गोष्ट चालू होती. आजार येण्याआधी माद्या साधारण दोन वर्षांच्या झाल्यावर पहिल्यांदा वीत. मोठी जनावरं मेल्यावर उरलेल्यांना अन्न मुबलक झालं, कोवळ्या माद्यांची वाढ लवकर झाली आणि कित्येक जणी वर्षाच्या असतानाच विऊ लागल्या. तीन आठवड्यांचं गर्भारपण आणि हप्त्याहप्त्याने होणारा खर्च असल्यामुळे हे जमलं. चार वर्षं अंड्यात राहणाऱ्या, सावकाश वयात येणाऱ्या प्राण्याला संकट पाहून अशी घाई करता येणार नाही. खोल समुद्रातल्या सगळ्याच माशांबद्दल ही काळजी आहे.

दुसरी गोष्ट माणसांनी केली. निरोगी डेव्हिल पकडून वेगळे ठेवले, पिंजऱ्यात वाढवले. 2012-13 मध्ये 28 डेव्हिल टास्मानियाजवळच्या मारिया बेटावर सोडले, जिथे ते आधी कधी नव्हते. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर, न्यू साउथ वेल्समधल्या बॅरिंग्टन टॉप्स भागात, कुंपणाच्या आत काही सोडले. मुख्य भूमीवरून ते सुमारे 3000 वर्षांपूर्वीच नाहीसे झाले होते. हे शक्य झालं कारण डेव्हिलच्या मादीचं पाळणाघर तिच्या पोटावरच असतं. मादी उचलून नेली की पाळणाघरही जातं.

यालाही किंमत मोजावी लागली. मारिया बेटावर छोट्या पेंग्विनांच्या सुमारे 3000 जोड्या राहत. डेव्हिल आल्यावर काही वर्षांतच ती वसाहत संपली. एका जिवाला वाचवताना दुसऱ्याचा घास झाला. ज्यांनी डेव्हिल सोडले त्यांचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही, पण बेटावर नवा शिकारी सोडण्याचे परिणाम आधीच ओळखता येण्यासारखे होते असं मला ठामपणे वाटतं.

स्केट उचलून नेता येत नाही

स्केटची मादी पकडून दुसरीकडे सोडली तरी उपयोग शून्य, कारण तिचं पाळणाघर तिच्या अंगावर नाही, तळावरच्या त्या ठरावीक भेगांपाशी आहे. तिथली ऊब, तिथला प्रवाह, तिथल्या खडकातल्या खाचा यांचा पर्याय कुठल्या मत्स्यालयात उभा करता येत नाही. म्हणून तिथे राखायची ती जागाच. गॅलापागोसची ही जागा 1998 पासून सागरी राखीव क्षेत्रात येते, हे तिचं नशीब. बेरिंग समुद्रात अमेरिकेने 2015 मध्ये स्केटच्या अंडी घालण्याच्या सहा जागांना विशेष महत्त्वाचा अधिवास म्हणून मान्यता दिली. मात्र नुसत्या मान्यतेने तळ खरवडणारी जाळी थांबत नाहीत.

धुराड्यांच्या बाबतीत नवा प्रश्न खाणीचा आहे. जे खनिज साचून धुराडं बनतं त्यात तांबं, जस्त, सोनं, चांदी असते, आणि त्यावर अनेक देशांचा डोळा आहे. त्यात आपणही आहोत. भारताने 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी हिंदी महासागरातल्या 10,000 चौरस किलोमीटर क्षेत्रात अशा खनिजांच्या शोधासाठी 15 वर्षांचा करार केला. त्या शोधाचं बरंचसं काम गोव्यात वास्कोच्या हेडलँड सड्यावरची राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था करते. सध्या हे सर्वेक्षण आहे, खाणकाम नाही. पण शोध हा खाणीसाठीच असतो, हे विसरून चालणार नाही.

वाहती, गरम धुराडी खाणीतून पूर्णपणे वगळावीत असं अनेक सागरी शास्त्रज्ञ सांगतात आणि मला ते पटतं. तेवढ्याने भागत नाही. गॅलापागोसच्या अंड्यांपैकी 42 टक्के धुराड्यांपासून 20 मीटरच्या पलीकडे होती. तेव्हा फक्त धुराड्याभोवती गोल आखून उरलेला तळ मोकळा सोडला तर पाळणाघराचा मोठा भाग बाहेरच राहील. शिवाय यंत्राने एकदा फेरी मारली आणि अंडी दिसली नाहीत म्हणून जागा रिकामी ठरवणंही घाईचं होईल. 3000 मीटरपेक्षा उथळ असलेल्या प्रत्येक जागी वेगवेगळ्या वर्षी कॅमेरे न्यायला हवेत, आणि जिवंत अंड्यांबरोबर पिल्लू निघून गेलेली रिकामी, फाटकी पाकिटंही मोजायला हवीत. त्यांचं कवच चिवट असतं, लवकर कुजत नाही. जिथे नव्याजुन्या पाकिटांचा थर साचलेला दिसेल, तिथे माद्या पिढ्यान्‌पिढ्या येत असणार.